दुसऱ्या मजल्यावरची बस

दत्ताराम परबाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा मला वाटलं, हा आता फार दिवस काढत नाही. साखरेने पाय गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी पाय जातो, मग भूक जाते, मग माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो. दत्तारामचं तसंच चाललं होतं. शेवटी तो गेलाच, पण तसा नाही गेला. मधल्या काळात त्याने बस चालवली. काळाचौकीच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, खाटेच्या कडेला बसून. लोक ऐकतात आणि हसतात. हसू देत. मी शेजारच्या खोलीत राहते, आमच्या मधली भिंत फळ्यांची आहे, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे.

तो कणकवलीकडचा. मामाकडे मुंबईला आला तेव्हा मिसरूड नुकती फुटलेली. मामा गिरणीत होता, ह्यालाही चिकटवणार होता, पण गिरणीच बंद पडली. मग हा टेम्पो शिकला, आणि टेम्पोवरून लाल बसवर गेला. त्यानंतर त्याच्या आयुष्यात दुसरं काही घडलं असं मला वाटत नाही. लग्न झालं, मुलगी झाली, पण ते सगळं दोन ड्युट्यांच्या मधल्या वेळात.

माणूस घरी आला तरी अंगातली बस उतरत नसे. आमच्या गॅलरीला जिन्यापाशी एक कोपरा आहे. तिथे पाण्याची कळशी घेऊन येणारी बाई आणि समोरून येणारा माणूस हमखास धडकतात. दत्ताराम त्या कोपऱ्याच्या अलीकडे भिंतीवर तळहाताची थाप मारायचा. हॉर्न तो. पहाटेच्या ड्युटीला निघतानाही मारायचा आणि अर्धी चाळ उठवायचा. कुणी भांडायला गेलं तर ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचा. गॅलरीतून कुणी घाईने धावत गेलं की म्हणायचा, "घाई होती तर काल निघायचं." स्वतः कधी धावला नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी सगळीकडे नजर फिरवून मग बसायचा.

नियमाचा पक्का. एकदा मी लालबागहून मिरची कुटून परत येत होते. दोन्ही हातांत पिशव्या, डोळ्यांत मिरचीची आग. सिग्नलला ह्याची बस उभी. मी त्याच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले, म्हटलं, दत्ताराम, चढू दे रे मला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर बघून म्हणाला, "काकी, स्टॉप फुडे आसा." मी स्टॉपपर्यंत चालत गेले तोवर बस निघून गेली. संध्याकाळी हा माझ्या दारात. वाटलं, माफी मागायला आला. तर म्हणतो, मसाला झाला असेल तर वाटीभर दे, बायकोने बांगडे आणलेत. मी दिला. त्याच्याशी भांडण करता येत नसे, कारण आपण भांडतोय हे त्याला कळतच नसे.

तर अशा माणसाचा उजवा पाय गेला. बोटाला जखम झाली होती, बुटात घासायची, ह्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ड्युटीवरून उतरवलं असतं. लपवून लपवून शेवटी कायमचाच उतरला.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा चार जणांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. मधल्या जिन्यावर कुणीतरी गमतीत "मोरया" म्हटलं. वाईट बुद्धीने नाही, ओझं उचलताना आपल्याकडे तोंडातून तेच निघतं. बाकीचे हसले. दत्तारामही जरासा हसला. पण त्यानंतर तो खाली उतरायला तयार होईना. डॉक्टरने सांगितलं होतं, जखम भरली की नकली पाय बसवून घ्या, उशीर केलात तर गुडघा आखडेल आणि मग बसवता येणार नाही. सुनंदा, त्याची बायको, एका नर्सिंग होममध्ये आया आहे. तिने असे आखडलेले गुडघे पाहिलेले. ती रोज विषय काढायची. रागावली, रडली, गावच्या देवाला नारळ बोलली. हा म्हणायचा, "माका नको. पाय घेऊन जायचं कुठे?" चाळीच्या जिन्यावरून उतरून माणूस जातो कुठे, कामाला जातो. काम गेलं होतं.

सुनंदा ड्युटीला गेली की दुपारचं ताट मी द्यायची. अर्धं परत यायचं. भाकरी आवडत नाही का विचारलं तर म्हणायचा, चांगली आहे. एवढंच. गुडघ्याचे व्यायाम सांगितले होते तेही करायचा नाही. सुनंदा मला एकदा मोरीपाशी म्हणाली, "काकी, मला हा माणूस हवाय, पण त्याला मी नकोय आता. त्याला काहीच नकोय." मी तिला म्हटलं, कामाला जा, उशीर होतोय.

त्यांची मुलगी मनाली पुण्याला नोकरी करते. चित्रं हलवण्याचं, म्हणजे ॲनिमेशनचं, शिक्षण घेतलं आहे तिने. त्या शिक्षणासाठी घेतलेला तिचा जुना लॅपटॉप घरात होता, पाट्यासारखा जड. फार हळू चालतो म्हणून टाकून दिलेला. ती दिवाळीला आली तेव्हा बापासाठी परळच्या एका दुकानात देऊन त्यात लिनक्स घालून आणलं. लिनक्स म्हणजे लॅपटॉप ज्याच्यावर चालतो ती व्यवस्था, आणि ही वाली फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला झेपते, एवढं मला कळलं. बातम्या बघा, भजनं ऐका, असं सांगून ती गेली. दत्तारामने भजन एकही ऐकलं नाही. तो दिवसभर बस चालवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा आणि त्यांना शिव्या द्यायचा. वळण चुकीचं घेतलं, आरसा बघितला नाही, असं. मला फळीतून ऐकू यायचं. शिव्या देतो म्हणजे बरा आहे, असं मी सुनंदाला सांगितलं.

त्यातच त्याला कळलं की बस आपल्यालाही चालवता येते. गेम असतो. रस्ता दिसतो, काच दिसते, आरसे दिसतात, आणि कुठल्या तरी हौशी माणसाने आपल्या मुंबईची लाल बस त्यात बनवून ठेवली आहे. दत्तारामने फोनवर मनालीला सांगितलं, तिने तिकडून तो गेम घेऊन दिला. उतरवून घ्यायला दोन रात्री लागल्या. मग हा सकाळी दाढी करून बसला. पाय गेल्यापासून सुनंदा मागे लागली तरच दाढी करणारा माणूस, त्याने त्या दिवशी आपणहून केली.

आणि बस चालेना. म्हणजे चाले, पण उड्या मारत. एक चित्र दिसायचं, मग थांबायचं, मग पुढचं. तोवर बस फुटपाथवर चढलेली. त्याने मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, हे आपल्या जुन्या टीव्हीसारखं झालंय, वर एक चापट मार. त्याचं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "काकी, इंजिन आहे पण उचलत नाही."

मग त्याने शोध लावायला सुरुवात केली. त्याला इंग्रजी कामापुरतं येतं. त्या लॅपटॉपच्या पोटात चित्र काढणारी दोन कार्डं आहेत, असं त्याला समजलं. एक लहान, साधं, रोजच्या कामाचं, कमी वीज खाणारं. दुसरं मोठं ग्राफिक्स कार्ड, खास जड कामासाठी ठेवलेलं. मनालीने तो एवढा जड लॅपटॉप घेतला होता तो ह्या मोठ्यासाठीच. आणि लिनक्सवर ते मोठं नुसतं झोपून होतं, सगळं ओझं लहान्यावर. सुनंदाने ऐकलं आणि भांडी घासता घासता म्हणाली, आमच्या सासरी असंच होतं, थोरले दीर पडून राहायचे आणि शेत धाकटे बघायचे. दत्ताराम म्हणाला, दादाला उठवणं सोपं होतं.

मोठ्या कार्डाला उठवायला त्याचा वेगळा प्रोग्राम घालावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि ह्यावरून चाळीने त्याची जेवढी चेष्टा करायची तेवढी केली. दत्तारामने सगळ्यात नवा होता तो उतरवून घातला. नवं ते चांगलं, असा त्याचा हिशेब. लॅपटॉप बंद करून चालू केला तर सगळा काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. संध्याकाळी सुनंदा आली तेव्हा हा काळ्या पडद्यासमोर तसाच बसलेला, आणि दुपारचं ताट झाकलेलं.

आमच्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला प्रज्ञा कांबळे राहते. चाळिशीची असेल. तिच्या आज्याने गिरणीत काम केलं, बापाने पोस्टात, ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. जिभेला तिखट आहे पण हाक मारली की येते. रविवारी ती आली. काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करून तिने नवा प्रोग्राम काढून टाकला, आणि लॅपटॉप परत उजेडात आला. मग तिने दत्तारामला सांगितलं की हे कार्ड जुनं झालंय. कंपनीचे नवे ड्रायव्हर ह्याला ओळखतच नाहीत. ह्याला जुनाच ड्रायव्हर पाहिजे, तो वेगळा ठेवलेला असतो, मागून घ्यावा लागतो.

मग त्याने विचारलं, "कार्ड चांगलं आहे ना पण? बिघडलेलं नाही?"

"कार्डाला काही झालेलं नाही, भाऊ."

"मग झालं," तो म्हणाला.

तिने घालून देते म्हटलं तर नको म्हणाला. मला सांग, मी घालतो. म्हणजे प्रज्ञा बाजूला बसून चहा पिणार आणि हा दोन बोटांनी एकेक अक्षर दाबणार. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. प्रज्ञा म्हणाली, भाऊ, माझं आयुष्य जाईल ह्यात. हा म्हणाला, घाई होती तर काल यायचं होतं. ती उठून गेली नाही, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. असे बरेच रविवार गेले. मधल्या वारी हा परदेशातल्या लोकांना लिहून विचारायचा. अशा जुन्या लॅपटॉपवाल्यांची एक मंडळी असते म्हणे, एकमेकांना सांगत असतात. तिथे ह्याने "रिस्पेक्टेड सर" अशी सुरुवात करून खाली "युवर्स ओबीडिएंटली, डी. जी. परब, ड्रायव्हर" अशी सही केली होती. डेपोत रजेचा अर्ज तसाच लिहीत असणार. कुणा पोलंडच्या माणसाने उत्तर दिलं. त्याच्याकडे हाच लॅपटॉप होता आणि त्यानेच सांगितलं की जुना ड्रायव्हर घातला तरी कार्ड आपोआप उठत नाही, गेम सुरू करताना त्याच्या नावाआधी एक शब्द लिहून सांगावं लागतं की हे काम मोठ्या कार्डाने करायचं आहे.

दत्तारामला हे फार पटलं. न सांगता काम करणारा माणूस आणि न सांगता चालू होणारी गाडी, दोन्हींवर त्याचा विश्वास नव्हता.

तो शब्द लिहून त्याने गेम चालू केला ती दुपार मला आठवते. मी तांदूळ निवडत होते. फळीपलीकडून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. लॅपटॉपचा पंखा. मोठं कार्ड उठलं की ते तापतं आणि पंखा जोरात फिरतो. आधी कधी तसा फिरलाच नव्हता. दत्ताराम ओरडला नाही, काही नाही. फळीवर हलकेच थाप मारली. मी उठून गेले. पडद्यावर बर्फाचा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच काळी झाडं, आणि त्यातून आपली मुंबईची लाल बस सरळ, न अडखळता चाललेली. तो बटणं दाबून चालवत होता. मी म्हटलं, हा कुठला रस्ता. म्हणाला, ठाऊक नाही, पण खड्डे नाहीत.

त्यानंतर तो रोज चालवायचा. जेवायलाही लागला. पण एक होतं, तो ह्याला बस चालवणं म्हणत नसे. ही डेपोतली फेरी, म्हणायचा. गाडी दुरुस्त होऊन आली की रिकामी फिरवून बघतात, तशी. बटणांनी काय गाडी चालते? उतारूंना घेणार नाही मी अशात. गेममध्ये उतारू नव्हतेच, पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

मग दसरा आला. डेपोत दसऱ्याला बसेस धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. दत्तारामने आयुष्यभर केलेलं. त्याने सुनंदाला झेंडू आणायला लावले. लॅपटॉप पुसला, पाटावर ठेवला, त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, जाड हार घातला, नारळ फोडून पाणी मात्र लांबच शिंपडलं, कारण विजेचं यंत्र आहे एवढी अक्कल होती. आणि पूजा म्हणजे इंजिन चालू पाहिजे, म्हणून बस चालू ठेवली होती. मला प्रसाद दिला. मीही नमस्कार केला. दिसत होतं छान.

दुसऱ्या दिवशी बस चालवता चालवता लॅपटॉप एकदम बंद. पुन्हा चालू केला, थोडा वेळ चालला, पुन्हा बंद. बातम्या लावल्या तर चालायचा. मोठं कार्ड उठलं की मरायचा.

दत्ताराम धरून चालला की ड्रायव्हर बिघडला. काढला, घातला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. प्रज्ञा आली, तिनेही तपासलं, तिला सगळं ठीक दिसत होतं. पोलंडला पत्र गेलं, तो म्हणाला, कार्ड जुनं आहे, जळालं असेल, अशा कार्डांचं तसंच होतं. ते वाचून दत्तारामने लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ताट अर्धं परत आलं. दुसऱ्या दिवशी पुरतं परत आलं. सुनंदाने मनालीला फोन केला, ती म्हणाली, बाबांना नवा घेऊन देते. दत्ताराम भिंतीकडूनच म्हणाला, "तिला सांग, नको. सगळं नवं आणून काय होतं?" सुनंदा फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिथेच उभी राहिली.

त्या रविवारी त्याने बोलावलं नव्हतं तरी प्रज्ञा आली. हातात स्क्रू फिरवायचं बारीक हत्यार. न विचारता लॅपटॉप उलटा केला आणि खालचं झाकण उघडलं. मी आणि सुनंदा बाजूला. आत पंख्याच्या जाळीत लाल-पिवळा थर बसला होता. तिने चिमटा घातला आणि एक झेंडूची पाकळी काढली. वाळून कुरकुरीत. मग दुसरी. मग अक्षतांचे दोन दाणे. मग कुंकवाची एक अख्खी वडी झालेली, घामाने की तेलाने कोण जाणे. एकेक काढून ती कागदावर मांडत गेली. कांबळ्यांच्या घरी पूजाअर्चा नसते. शेवटी म्हणाली, "भाऊ, ह्याला काही झालेलं नाही. तुम्ही आशीर्वाद जास्त दिलात."

सुनंदा हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पाय कापल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. दत्ताराम उठून बसला होता. चिडून म्हणाला, वीस वर्षं बसला हार घातला, बस कधी बंद पडली नाही.

"बस नाकाने श्वास घेते," प्रज्ञा म्हणाली, "हा पोटाने घेतो. तुम्ही पाटावर चिकटवून ठेवलात, वरून हळद-कुंकू. चालू होता ना तेव्हा?"

दत्ताराम कागदावरची पाकळी बोटाने उलटीसुलटी करत राहिला.

तिने ब्रशने सगळं साफ केलं, झाकण लावलं, खाली दोन बाजूंना दोन बाटल्यांची झाकणं ठेवून लॅपटॉप उंच केला. मोठं कार्ड उठलं, पंखा घुमला आणि घुमत राहिला. दत्ताराम पडद्याकडे बघत होता आणि सुनंदा दत्तारामकडे. ताट मी पुन्हा वाढून आणलं. हे सगळं झालं त्यात मला प्रज्ञाचं एक आवडलं. तिने पुन्हा कधी त्या पूजेवरून त्याला टोमणा मारला नाही. पुढच्या दसऱ्याला हार आणला तो भिंतीला घातला.

आता बटणांचा कंटाळा आला होता त्याला. मनालीने कुणाकडून तरी वापरलेलं स्टिअरिंग आणून दिलं. टेबलाला आवळून बसवायचं, आणि खाली जमिनीवर ठेवायला पायाची पेडलं. एक्सलेटर आणि ब्रेक. ते बसवलं. दत्तारामने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मग खाली बघितलं. आम्ही कुणी हा विचारच केला नव्हता. पोरीनेही नाही. तिचा चेहरा पडला.

ती म्हणाली, बाबा, डाव्या पायाने करा ना, सरकवून देते डावीकडे.

दत्तारामने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी चालवायला सांगितली. म्हणाला, "डाव्या पायाने एक्सलेटर देतो त्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत."

"मग काय करायचं?" सुनंदा म्हणाली.

मग त्याने आपल्या आखडत आलेल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बायकोला विचारलं, तुझा तो पायवाला डॉक्टर कुठल्या दिवशी बसतो?

एवढी विनवणी, एवढे नवस, आणि शेवटी पाय कशासाठी मागितला तर पेडलसाठी. मला राग आला होता. सुनंदाला आला नाही. ती मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

पण उशीर झाला होता. गुडघा पुरता सरळ होत नव्हता. डॉक्टर म्हणाला, आधी हा मोकळा करा, मग माप घेतो. झालाच नाही तर नाही. त्याला खाली नेताना पुन्हा खुर्ची लागली. पुन्हा चार जण. ह्या वेळी तो स्वतःच म्हणाला, म्हणा रे मोरया, लाजू नका. मग घरी सकाळ-दुपार-संध्याकाळ गुडघ्याचा व्यायाम. सुनंदा कामाला जाण्याआधी त्याची मांडी धरायची आणि पाय दाबून सरळ करायची. फळीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू यायचं आणि तिचा आवाज, "अजून थोडा. अजून थोडा." दुपारी ती नसताना तो स्वतः वाळूची पिशवी गुडघ्यावर ठेवून पडायचा. ताट पुरतं खायचा. गुडघा सुटला, पण पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाला, चालताना लंगडाल. दत्तारामने विचारलं, पेडल दाबेल का? डॉक्टरला काही कळलं नाही, सुनंदाने समजावून सांगितलं.

पाय आला. पहिल्यांदा बांधला तेव्हा घाम फुटला, खुंटाची साल गेली. गॅलरीच्या कठड्याला धरून चालायचा, कोपऱ्याच्या अलीकडे भिंतीवर थाप मारायचा. चाळीत पुन्हा थाप ऐकू आली तशी खालच्या मजल्यावरून कुणीतरी शिवी दिली. मला ती शिवी ऐकून बरं वाटलं.

मग एका संध्याकाळी त्याने गाडी काढली. पायात बूट, उजवा बूट नकली पावलावर. केस विंचरलेले. सुनंदा कामावरून येऊन भाजी चिरत होती, प्रज्ञा दाराच्या चौकटीला टेकून उभी, मी स्टुलावर. पडद्यावर परदेशातला बसस्टॉप, आपली लाल बस उभी. त्याने आरसे बघितले, डावा, उजवा, मधला. गिअर टाकला. पाय पेडलवर ठेवला. आणि थांबला.

पंखा घुमत होता. बस उभी.

सुनंदा म्हणाली, काय झालं, परत बंद पडलं? दुखतंय का? प्रज्ञा पुढे आली. हा हलत नव्हता, नजर आरशात.

मग म्हणाला, "कंडक्टर खंय आसा?"

कुणाला समजलं नाही. मला समजलं, मी त्याच्या बसमधून पुष्कळ हिंडले आहे. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवल्याशिवाय ड्रायव्हर बस हलवत नाही. माणसं चढली की नाही हे मागच्याने बघायचं, पुढच्याने त्याच्यावर विश्वास ठेवायचा. डेपोतली फेरी घंटीशिवाय होते. ही डेपोतली फेरी नव्हती.

मी सुनंदाला म्हटलं, "डबल दे त्याला."

तिने हातातली सुरी उलटी केली आणि पितळी डब्यावर मुठीने वाजवली. टण, टण.

दत्तारामने पाय दाबला. बस निघाली.

पुढच्या स्टॉपवर तो थांबला, माणूस ना काणूस, तरी थांबला, आणि पुन्हा वाट बघत बसला. सुनंदा म्हणाली, मला भाजी फोडणीला टाकायची आहे. तो म्हणाला, मग गाडी उभी राहील. तिने पुन्हा वाजवली.

पुढे ते तसंच चालू राहिलं. संध्याकाळी ती स्वयंपाक करायची आणि मधे मधे पळीने डब्यावर डबल द्यायची. तिची ड्युटी दुपारची असली की मला फळीपलीकडून हाक यायची, काकी, डबल. मी तांदूळ निवडता निवडता फळीवर बोटाने दोनदा ठोकायची. कुठल्या देशातून चालला आहे मला दिसत नसे. विचारायचीही नाही.

तो दुखण्याने गेला, छातीच्या. आदल्या रात्री जडपणा वाटत होता, सकाळी सुनंदा त्याला इस्पितळात घेऊन निघाली. खाली टॅक्सी आली होती. लोक खुर्ची घेऊन वर आले तर ह्याने खुर्ची परत पाठवली. जिना स्वतः उतरला, एक पायरी, थांबून दुसरी, कठडा धरून. सुनंदा मागून. मी गॅलरीतून बघत होते. टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडलं, पण हा पुढे बसला, ड्रायव्हरशेजारी. गल्ली अरुंद, मागून मोटारसायकलवाले घुसत होते, हॉर्न वाजवत होते, टॅक्सीला निघायला जागा देत नव्हते. दत्तारामने खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा मागे करून धरला. थांबा. ते थांबले. टॅक्सी वळून रस्त्याला लागली, आणि कोपऱ्यापर्यंत तो हात तसाच बाहेर होता.